गावाचे कागद टॉर आणि ताहो-लाफ्सवर ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा-कुरखेड्याकडच्या काही गावांत आम्ही ग्रामसभांचे कागद सांभाळायला मदत करतो. वनहक्काचे दावे, गावनकाशे, जीपीएसच्या नोंदी, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, तेंदू-बांबूचे हिशेब असं सगळं त्यात येतं. हे कागद आता एका कॉम्प्युटरवर राहत नाहीत. त्यांचे तुकडे वेगवेगळ्या गावांतल्या छोट्या यंत्रांवर असतात आणि ती यंत्रं एकमेकांशी टॉरमधून बोलतात. बैठकीत, तेंदूच्या फळीवर, एसटीत जे प्रश्न पुन्हापुन्हा आले, ते इथे घेतले आहेत.

हे नेमकं आहे तरी काय?

दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्या आधी वेगळ्याच समजून घ्या.

पहिली ताहो-लाफ्स. ही फाइल साठवण्याची मुक्त प्रणाली आहे. फाइल तुमच्याच यंत्रावर कुलूपबंद होते, म्हणजे एन्क्रिप्ट होते. मग तिचे तुकडे पडतात आणि ते वेगवेगळ्या यंत्रांवर जातात. मूळ मांडणीत दहा तुकडे असतात, आणि त्यातले कोणतेही तीन हाती आले की पूर्ण फाइल परत उभी राहते. ज्याच्या घरी तुकडा आहे त्याला तो वाचता येत नाही.

दुसरी टॉर. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात या कल्पनेवर काम सुरू झालं. २००६ पासून टॉर प्रोजेक्ट नावाची ना-नफा संस्था ते चालवते. तुमचं बोलणं तीन मधल्या यंत्रांतून फिरून जातं. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण तुम्ही कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्याला कुठे जायचं ते कळतं, पण तुम्ही कोण ते कळत नाही.

ताहो काय ठेवलंय ते झाकतं आणि टॉर कुठून ठेवलंय ते झाकतं. एकाचं काम दुसरं करत नाही.

एवढं सारं काहून? पेनड्राइव्ह नाही का?

पेनड्राइव्ह ठेवाच, आम्हीही ठेवतो. पण मृगाच्या तोंडावर एका गावात वीज पडली आणि एकाच टेबलावरचा कॉम्प्युटर, त्याला लावलेली हार्ड डिस्क आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल असं सगळं एकदम गेलं. बॅकअप होता, पण तो त्याच खोलीत होता. त्या डिस्कवर अकरा जणांचे जबाब होते आणि त्यातली चार माणसं तोवर वारली होती. वनहक्काच्या नियमांत, नियम १३ मध्ये, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून धरले जातात. ते चार जबाब आता कोण देणार?

दहा प्रती दहा घरी ठेवता येतात, पण मग दहाही घरी सगळं उघडं राहतं. तुकडे करून ठेवलं तर जागा कमी लागते आणि उघडं कुणाकडेच राहत नाही.

लाइन गेली तं फाइल बी गेली का?

नाही. आपल्या भागासाठी ही प्रणाली मला याच कारणाने पटली. दहापैकी सात गावांत अंधार असला तरी तिघांच्या जोरावर फाइल निघते. पावसाळ्यात डीपी जळाली की आठ-आठ दिवस लाइन येत नाही. तरी एकाच वेळी आठ गावांच्या डीपी जळत नाहीत.

पण वाचणं आणि ठेवणं यात फरक आहे. वाचायला तीन यंत्रं पुरतात. नवी फाइल ठेवताना मात्र मूळ मांडणी म्हणते की तुकडे किमान सात वेगवेगळ्या यंत्रांवर पोहोचलेच पाहिजेत, नाहीतर अपलोड झालं असं मी मानणार नाही. आमच्याकडे सुरुवातीला सहाच यंत्रं होती आणि दोन दिवस आम्ही नेटवर्कलाच दोष देत बसलो. हे तीन आकडे सेटिंगमध्ये बदलता येतात. सहा यंत्रांसाठी आम्ही दोन, चार, सहा असे ठेवले: दोन तुकड्यांत फाइल निघावी, किमान चार ठिकाणी पोहोचावी, एकूण सहा तुकडे पडावेत. यंत्रं वाढल्यावर तीन, सात, दहावर आलो.

आमच्याकडे मोबाइलचंच नेट आहे. त्याच्यावर सर्व्हर चालते का?

चालतो, आणि तोही टॉरमुळेच. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात. त्यामुळे बाहेरून कुणी तुमच्या यंत्राचं दार ठोठावू शकत नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडायची युक्ती इथे लागू पडत नाही, कारण ते दार कंपनीच्या हातात असतं.

टॉरच्या ओनियन सेवेत तुमचं यंत्र कुणाची वाट बघत बसत नाही. ते स्वतःच बाहेर पडून टॉरमधल्या काही यंत्रांपाशी जाऊन थांबतं. ज्याला भेटायचंय तोही बाहेर पडतो आणि दोघं मधल्या ठरलेल्या जागी भेटतात, जसे दोन गावचे पाहुणे बाजाराच्या गावी भेटतात. दोघांनाही फक्त बाहेर जाता आलं की झालं. यंत्राला ५६ अक्षरांचा ओनियन पत्ता मिळतो. सिम बदललं, कंपनी बदलली, यंत्र दुसऱ्या गावी नेलं, तरी पत्ता तोच राहतो.

खरं सांगायचं तर आम्ही टॉर घेतलं ते आधी या पोहोचण्यासाठी. लपण्याचं महत्त्व नंतर कळलं.

मग लपायचं कोणापासून? आपण काही चोरी करतो का?

बहुतेक कागदांना लपायची गरज नाही. मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला ही अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. कोणत्याही ग्रामसभेचा मंजूर दावा, ठराव, लिलावाचा हिशेब उघड्यावरच असायला हवा. तो आम्ही कार्यालयाच्या भिंतीवर लावतो.

पण काही कागद तसे नसतात. कुणाच्या ट्रॅक्टरने रात्री रेती नेली याची नोंद, नावानिशी केलेली तक्रार, एखाद्या बाईने बचतगटातल्या दुसऱ्या बाईजवळ विश्वासाने सांगितलेलं दुखणं. असा कागद कोणत्या घरी आहे हे कळलं की त्या घरावर दबाव येतो. "काढून टाक" म्हणायला माणूस थेट अंगणात येतो. तुकडे कुठे आहेत हे कुणालाच सांगता येत नसेल, तर त्या घरातल्या माणसावरचं ओझं उतरतं. मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात असं चालवलं तर संशय येणार नाही?

येऊ शकतो, आणि हा प्रश्न विचारणारा माणूस शहाणा आहे. टॉर वापरणं हाच गुन्हा आहे असं सांगणारा कायदा भारतात नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ खाली सरकारने अधिकार दिलेली यंत्रणा कुलूपबंद माहिती उघडून द्यायचा आदेश देऊ शकते आणि तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे प्रत्येक गावात सांगूनच आम्ही यंत्र बसवतो.

आमची पद्धत अशी: ग्रामसभेत ठराव घ्यायचा. त्यात यंत्र कशासाठी आहे, त्यावर कोणत्या प्रकारचे कागद ठेवणार, आणि जबाबदार कोण, हे लिहायचं. यंत्र कपाटामागे न लपवता टेबलावर ठेवायचं. फाइल गुप्त असू शकते, उपक्रम गुप्त ठेवू नये. आणि जाळं बंद ठेवायचं, म्हणजे फक्त ओळखीच्या गावांचं. जाळ्यात शिरायला एक लांब पत्ता लागतो, तो इंट्रोड्यूसर नावाच्या यंत्राचा, जे जाळ्यातल्या यंत्रांची एकमेकांशी ओळख करून देतं. तो कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.

माझ्या यंत्रावर दुसऱ्याचं भलतंसलतं तर येणार नाही?

बंद जाळ्यात जे येतं ते जाळ्यातल्या माणसांचंच येतं. ते तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून माणसं निवडताना काळजी घ्यायची. आणि तुम्ही टॉर नुसतं वापरता तेव्हा तुमच्या यंत्रातून अनोळखी लोकांची वाहतूक जात नाही. ती रिले, म्हणजे टॉरची मधली यंत्रं, चालवणाऱ्यांकडून जाते. रिले हे वेगळं काम आहे आणि ते आपोआप सुरू होत नाही.

आयटूपी चांगलं की टॉर?

आयटूपी हे टॉरसारखंच पत्ता झाकणारं दुसरं जाळं. ते २००३ पासून आहे आणि आतल्या आत बोलण्यासाठीच बांधलेलं आहे. जायचा आणि यायचा बोगदा त्यात वेगळा असतो. ताहो-लाफ्स दोन्हींबरोबर चालतं. पण आयटूपीत प्रत्येक यंत्र इतरांची वाहतूकही वाहतं, मूळ रचनाच तशी आहे. ज्याच्याकडे दिवसाला दीड जीबीचं पॅक आहे त्याला ते परवडत नाही. मर्यादा घालता येते, पण मग आयटूपीची गंमतही कमी होते. तालुक्याला फायबर असेल तर जरूर करून पाहा. गावात टॉर.

आयपीएफएसबद्दल ऐकलं होतं, ते का नाही घेतलं?

आयपीएफएस हीसुद्धा अनेक यंत्रांवर फाइली ठेवायची पद्धत आहे, पण ती वेगळ्या कामाची आहे. आयपीएफएसमध्ये फाइल आपोआप कुलूपबंद होत नाही. तिचा ओळखक्रमांक ज्याला मिळाला तो ती मागू शकतो. शिवाय कोणती फाइल कोणत्या यंत्राकडे आहे हे शोधायची वही सगळ्यांसाठी उघडी असते, आणि त्या वहीत यंत्रांचे पत्ते असतात. टीसीपी आणि यूडीपी या नेटवर माहिती पाठवायच्या दोन पद्धती. टॉरमधून फक्त टीसीपी जातं, यूडीपी जात नाही. आयपीएफएसचा बराच व्यवहार यूडीपीवर चालतो, त्यामुळे दोघांची जोडी जमवताना कुठून काय बाहेर सांडलं ते कळत नाही. सगळ्यांनी वाचावं असं काही असेल, उदाहरणार्थ गोंडी-मराठी शब्दसंग्रह, तर आयपीएफएस छान. जबाबासाठी नाही.

टॉर म्हणजे टोरंट का? पिक्चर येतात का त्याच्यावर?

नाही. नाव सारखं वाटतं एवढंच. टोरंट टॉरमधून चालवूही नका. टोरंटचे काही प्रोग्राम आपला खरा पत्ता निरोपाच्या आतच लिहून पाठवतात, मग वरून टॉर असून उपयोग काय? आणि टॉर स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं, तिथे पिक्चरचा भार टाकणं बरं नव्हे.

व्हीपीएन चालणार नाही?

व्हीपीएनमध्ये तुमचं सगळं बोलणं एका कंपनीच्या यंत्रातून जातं, त्यामुळे त्या एकाच कंपनीला तुम्ही कोण आणि कुठे चाललात हे दोन्ही दिसतं. इथे ते नको होतं.

यंत्र कोणतं घ्यायचं?

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर किंवा जुना लॅपटॉप. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणून मी लॅपटॉप सुचवतो. पाय घेतलात तर मेमरी कार्डवर साठा ठेवू नका, लाइन झटक्याने गेली की कार्ड बिघडतं. साध्या यूएसबी एसएसडीवर ठेवा.

आणि घड्याळ सांभाळा. हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही, हाताने शिकलो. रोवणीच्या दिवसांत एका गावचं यंत्र रोज सकाळी मुकं व्हायचं. टॉर सुरू आहे असं दिसायचं, पण जोडणी काही होईना. मी तिथे जाऊन स्क्रीन लावला तर यंत्रात तारीख आदल्या दिवशीची, वेळ संध्याकाळची. पायच्या जुन्या मॉडेलांत घड्याळाचा सेल नसतो. लाइन गेली की त्याचा काळ थांबतो, आणि लाइन येऊन नेट मिळेपर्यंत ते जुन्याच वेळेत जगतं. टॉरची रिलेंची यादी काही तासांपुरतीच ग्राह्य असते, त्यामुळे वेळ चुकली की टॉर पुढे सरकत नाही. उपाय सोपा निघाला: नखाएवढा घड्याळाचा मॉड्यूल आणि त्यात गोल सेल. सेल बसवला आणि त्या गावची तक्रार संपली.

सेटिंगमध्ये काय चुकू नये?

एकच ओळ सांगतो. ताहोच्या सेटिंग फाइलमध्ये "रिव्हील आयपी अ‍ॅड्रेस" अशी नोंद आहे, ती "फॉल्स" करा. यंत्र तयार करतानाच "हाइड आयपी" हा पर्याय दिला तर ती आपोआप होते. मग इतर कुठल्या सेटिंगमुळे तुमचा पत्ता बाहेर जाणार असेल तर ताहो सुरूच होत नाही, तक्रार करून थांबतं. हे थांबणं चांगलं आहे. त्या तक्रारीला वैतागून ओळ परत "ट्रू" करू नका. टॉरसाठीचे जादा घटक बसवायला मात्र विसरू नका, आणि टॉर ब्राउझरऐवजी पार्श्वभूमीला चालणारा टॉर वापरा. त्याचा पोर्ट ९०५०, ब्राउझरचा ९१५०. निम्मे फोन याच गोंधळाचे येतात.

किल्ली म्हणजे काय, आणि ती कुठे ठेवायची?

ताहोमध्ये नाव आणि पासवर्ड नसतो. प्रत्येक फाइलची आणि फोल्डरची अक्षरांची एक लांब ओळ असते, तीच किल्ली. ज्याच्याकडे ओळ आहे त्याच्याकडे फाइल आहे. ओळ हरवली तर तुकडे दहाच्या दहा शाबूत असूनही फाइल गेली, आणि ती परत मिळवून देणारी कंपनी, हेल्पलाइन असं काही नाही. हे मी प्रत्येक गावात तीनदा सांगतो.

ओळींचे प्रकार आहेत. लिहायची ओळ असेल तर फोल्डर बदलता येतं. तिच्यातून वाचायची ओळ काढता येते, पण उलट जाता येत नाही. त्याखालची तपासायची ओळ: तिने तुकडे जागेवर आहेत का ते बघता येतं, आतलं वाचता येत नाही. म्हणून तपासणीचं काम आम्ही बाहेरच्या पोरांनाही निर्धास्त देतो.

आमच्या गावांत मुख्य फोल्डरची वाचायची ओळ कागदावर लिहून, लॅमिनेशन करून ग्रामसभेच्या लोखंडी पेटीत ठरावाच्या रजिस्टरजवळ असते. लिहायची ओळ दोन माणसांकडे, बंद पाकिटात. हाताने उतरवताना एक खूण उपयोगी पडते. फोल्डरच्या ओळीत सुरुवातीची ठरलेली खूण सोडली तर इंग्रजी लहान अक्षरं आणि २ ते ७ एवढेच आकडे येतात. तुम्हाला ० किंवा १ लिहिल्यासारखं वाटलं तर ते अक्षरच आहे. एका आजोबांनी हे नीट ध्यानात ठेवलं आणि मुलाने उतरवलेल्या ओळीतली चूक चष्मा वर करून दाखवली.

ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ब्राउझरमध्ये उघडली तर ती हिस्टरीत राहते, आणि हिस्टरी अकाउंटबरोबर दुसऱ्या मोबाइलवर जाते.

मोबाइलवरून फाइल पाहता येते का?

घरातल्या यंत्राच्या वायफायवरून, त्याच्या पानावर पाहता येते. पण लक्षात घ्या, ते पान ज्या यंत्राचं आहे तिथेच कुलूप निघतं. त्या यंत्राचा मालक सगळं पाहू शकतो. म्हणून ते यंत्र आपलं किंवा ग्रामसभेचं असावं, अनोळखी कॅफेचं नको.

किती वेळ लागतो? डेटा किती जातो?

वेळ लागतो. दोन्ही बाजू ओनियन असतील तर मध्ये सहा यंत्रं येतात. आणि तीन-दहाच्या मांडणीत फाइल साधारण सव्वातीन पट होते: साठ एमबीचं स्कॅन पाठवायला दोनशे एमबी जातात. रंगीत स्कॅनऐवजी काळं-पांढरं करा, ठरावाच्या कागदाला रंग लागत नाही. तालुक्याला चांगली लाइन असलेलं यंत्र असेल तर त्याला "हेल्पर" करता येतं. तुम्ही कुलूपबंद फाइल एकदाच त्याच्याकडे पाठवायची, तुकडे ते करतं. त्यालाही आतलं दिसत नाही.

एवढं केल्यावर आपला पत्ता कळूच शकत नाही ना?

कळू शकतो. एक तर, मोबाइल कंपनीला तुम्ही टॉर वापरता हे दिसतं, काय करता ते दिसत नाही. तेही झाकायचं असेल तर ब्रिज, म्हणजे उघड यादीत नसलेलं टॉरचं प्रवेशाचं यंत्र, वापरतात. दुसरं, जाळ्यातल्या यंत्रांना "हे तेच कालचं यंत्र" इतकं ओळखू येतं.

तिसरी गोष्ट आपल्याकडचीच आहे. भारनियमनाचं वेळापत्रक फीडरप्रमाणे, म्हणजे काही गावांच्या एका वीजलाइनप्रमाणे असतं. एखादं यंत्र दर मंगळवारी दुपारी त्याच वेळी गायब होत असेल आणि त्याच वेळी परत येत असेल, तर नुसतं घड्याळ घेऊन बसलेल्या माणसाला ते कोणत्या फीडरवर आहे ते कळेल. मग उरतात चार-पाच गावं, आणि गावात कॉम्प्युटर किती घरी असतो? म्हणून बॅटरी ही सोय म्हणून नका पाहू, ती पत्ता झाकण्याचा भाग आहे.

आणि फोटो?

फोटो हा सगळ्यात मोठा भोकसा आहे. तोडलेल्या सागाचे फोटो एका पोराने नीट टॉरमधून चढवले. मी ते उघडून माहिती पाहिली तर प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश. जंगलातल्या फोटोंत असणं एकवेळ ठीक, पुरावा म्हणून तेच हवं असतं. पण पहिला फोटो त्याने कॅमेरा चालतो का ते बघायला स्वतःच्या अंगणात काढला होता, तोही सोबत गेला. तुळशीवृंदावन, त्यामागे बैलगाडी, आणि आत त्याच्या घराचा नेमका बिंदू.

पुराव्याचे फोटो आणि बाकीचे फोटो वेगळे ठेवा. बाकीच्यांसाठी कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. पीडीएफच्या आतही बनवणाऱ्याचं नाव असतं, तेही पाहा. टॉर पाकिटावरचा पत्ता पुसतं, पत्राखालची सही पुसत नाही.

दिलेला जबाब कुणाला मागे घ्यायचा असेल तर?

अवघड आहे. फोल्डरमधून फाइल काढता येते, पण ज्याच्याकडे तिची वाचायची ओळ आहे आणि तुकडे अजून आहेत, तो ती उघडू शकतो. तुकड्यांना एकतीस दिवसांची मुदत असते, मात्र मुदत संपल्यावर पुसायचं काम मूळ सेटिंगमध्ये बंदच असतं. आम्ही ते सगळीकडे चालू केलं आणि दर पंधरवड्याला तपासणीच्या आदेशाने हव्या त्या फाइलींची मुदत वाढवतो. ज्याची वाढवली नाही ते गळून पडतं. जबाब घेण्याआधी हे त्या माणसाला त्याच्या भाषेत, गोंडीत सांगायचं.

सरकारने नेटच बंद केलं तर?

मग टॉरही बंद. घरच्या यंत्रावरचे तुकडे तसेच राहतात, नेट आल्यावर काम पुढे सुरू होतं. तेवढ्यापुरता पेनड्राइव्ह.

एकच फाइल एकदाच एकाला द्यायची असेल तर?

मग एवढा पसारा नको. ओनियनशेअर घ्या. फाइल तुमच्याच यंत्रावर राहते, समोरचा टॉर ब्राउझरने उतरवून घेतो, आणि तुम्ही बंद केलं की ती मिळेनाशी होते.

सुरुवात कुठून करू?

बिनमहत्त्वाच्या फाइलीपासून. पाच-सहा घरं जमवा, सगळे आकडे लहान ठेवा, बाजाराच्या दिवसाची यादी किंवा शाळेचा फोटो चढवा. मग सगळ्यांसमोर दोन घरांचे प्लग काढा आणि फाइल परत मागा. पुढच्या वेळी आणखी एक प्लग काढा. फाइल कितव्या प्लगला यायची थांबते ते पोरांना स्वतः पाहू द्या. त्यानंतर किल्लीचा कागद लपवा आणि म्हणा, आता आणा.